खिडकीखालची चंद्रभागा

माउली, आमच्या वैरागच्या शिवारातलं पाणी पंढरीला जात नाही. ते भोगावतीकडून सीनेला मिळतं, आणि सीना भीमेला भेटते ती थेट हत्तरसंग कुडलला, पंढरपूरच्या कितीतरी खाली. संतनाथांचं गाव आमचं, बार्शीचा भगवंत शेजारी, तरी आमचा थेंब विठ्ठलाला वळसा घालून जातो. त्यामुळे वरच्या अंगाच्या गावांचा मला लहानपणापासून हेवा वाटत आला.

गेल्या वैशाखात महिनाभर अशा वरच्या अंगाला राहून आलो. मुलाची पुण्याला बदली झाली. घर सापडेपर्यंत कंपनीने त्याला खराडीला नदीकाठी सर्व्हिस अपार्टमेंट दिलं. सूनबाईही नोकरीला, म्हणून दीड वर्षाच्या नातवाला सांभाळायला आम्ही दोघं गेलो. हे अपार्टमेंट म्हणजे लॉज नव्हे आणि बिऱ्हाडही नव्हे. पलंग, फ्रिज, मोजकी भांडी सगळं आधीच मांडलेलं. रोज एक बाई येऊन केर काढणार, चादरी-टॉवेल बदलणार. हिने गावाकडचं ज्वारीचं पीठ नेलं होतं, पण विजेच्या शेगडीवर भाकरी काही फुगेना. चार दिवसांनी तिने नाद सोडला. भाड्याचं घर आणि देह हा दृष्टांत आपण कीर्तनात पुष्कळदा ऐकतो. तिथे तो आठवायला हवा होता. मला मात्र खिडकीतली नदीच दिसत राहिली.

ती मुळा-मुठा. दोघींचा संगम पुण्यात होतो. पुढे ती थेऊरच्या चिंतामणीजवळून जाते आणि रांजणगाव सांडसला भीमेत मिसळते. त्याआधीच तुळापूरला देहू-आळंदीची इंद्रायणी भीमेला येऊन मिळालेली असते. मग उजनीचं धरण. त्याच्या खाली नीरा नरसिंहपूरला नीरा येते, जिच्यात माउलींच्या पादुकांना स्नान घालतात. एवढ्या सगळ्या जणी एक होऊन वाळवंटाशी पोचतात, तेव्हा आपण तिला चंद्रभागा म्हणतो. म्हणजे मी दहाव्या मजल्यावरून रोज चंद्रभागाच बघत होतो की! नदीकडच्या खोल्यांना भाडं जास्त असतं म्हणे. पण खिडकी उघडायची सोय नव्हती, वास यायचा.

माझी महिन्याची वारी आहे. त्या शुद्ध एकादशीला नातवाला ताप होता, निघता येईना. जीव खाली-वर होत होता. ही म्हणाली, “पाणी तर तेच आहे. इथं स्नान करा अन् पंढरीच्या दिशेनं हात जोडा.” पटलं. पहाटे धोतर-पंचा घेऊन खाली उतरलो. इमारतीमागच्या पायवाटेने काठापर्यंत गेलो. जलपर्णी, प्लास्टिक, मधेमधे काळं पाणी. दगडावर उभा राहिलो आणि वाकून बोटसुद्धा बुडवू शकलो नाही. वर आलो आणि शॉवरखाली अंघोळ केली. साबणाचा फेस जाळीतून जाताना बघत होतो. कुठे जायचा तो?

केर काढणाऱ्या बाई इंदापूर तालुक्यातल्या, उजनीच्या फुगवट्याकाठच्या. त्यांचाही त्या दिवशी उपास होता. मी नदीचं बोललो तर पलंगपोस झटकता झटकता म्हणाल्या, “काका, इथलं सगळं आमच्याकडंच येतंय की. उन्हाळ्यात काठाला हिरवा तवंग धरतो. जनावरं तोंड लावायला बघत नाहीत.” बोलण्यात राग नव्हता. मग नेहमीसारखे चार कोरे टॉवेल ठेवून गेल्या. त्या दिवसापासून हिने रोजचे टॉवेल घेणं बंद केलं. तेवढ्याने नदीचं काय व्हायचं, असं मुलगा म्हणाला. खरंच आहे त्याचं. शहराच्या सांडपाण्यापुढे चार टॉवेल ते काय! पण वाचकहो, आपण दिंडीत तुळस डोक्यावर घेऊन चालतो आणि घरातल्या मोरीचं पाणी कुठे जातं हे विचारत नाही. पुण्यात राहणाऱ्या वारकऱ्यांनी तरी आपल्या सोसायटीत विचारावं, इमारतीमागचं सांडपाणी शुद्ध करणारं यंत्र रोज चालतं का. मी विचारलं. पहारेकऱ्याने नेऊन दाखवलं. चालू होतं, झाडांना तेच पाणी जात होतं, हे बघून बरं वाटलं.

उजनीत पाणी थांबतं, गाळ खाली बसतो, हे मला कळतं. वारीसाठी धरणातून पाणी सोडतात, तेव्हा पात्र भरतंही. नदीच्या पावित्र्याची शंका मला कधी आली नाही, आजही नाही. आईचं पातळ मळलं म्हणून आई बदलत नाही. ते पातळ मळवलं कुणी, एवढंच मनात राहतं.

ज्येष्ठातल्या एकादशीला मुलाने सगळ्यांना गाडीतून पंढरपूरला नेलं. पाणी घोट्याएवढं होतं. पुंडलिकाला हात जोडून मी ओंजळ भरली. एरवी डोळ्यांना लावून लगेच पिणारा मी, तेव्हा जरा थांबलो. ही बघत होती. मग प्यायलो. तिनेही तीर्थ घेतलं. नातू तिच्या कडेवर होता, त्यानेही हात पुढे केला. तिने बोट ओलं करून त्याच्या कपाळाला लावलं. प्यायला मात्र दिलं नाही.