घूमच्या चकोल्या

कांचनजंगा बघायला आम्ही दार्जिलिंगला गेलो होतो. ८५८६ मीटर उंच, जगातलं तिसऱ्या क्रमांकाचं शिखर! पहाटे साडेतीनला उठून टायगर हिलवर पोचलो, तर समोर नुसतं पांढरं धुकं. सूर्य कधी उगवला, कळलंसुद्धा नाही. आजीचे गुडघे दुखतात म्हणून आम्ही हळू चढलो होतो. मी रागाने म्हटलं, "आजी, तुझ्यामुळेच उशीर झाला!" आजी काहीच बोलली नाही.

उतरताना पाऊस. मोजे भिजले, दात वाजायला लागले. २२५८ मीटर उंचीवरच्या घूम स्टेशनजवळ एका तिबेटी हॉटेलात शिरलो. चार बाकं, काचेवर वाफ. तिथल्या मावशी भिजवलेल्या पिठाच्या पट्ट्या ओढून, तुकडे तोडून थेट उकळत्या रश्श्यात टाकत होत्या. त्यात मुळा, पालक, आलं-लसूण. नाव थेनथुक.

बाबा म्हणाले, "१९५९ मध्ये दलाई लामा भारतात आले. त्या सुमारास पुष्कळ तिबेटी कुटुंबं या डोंगरात आली. घर सुटलं, पण चव बरोबर आली."

आजीने एक घोट घेतला आणि हसली. "अगं, या तर आपल्या चकोल्याच! फक्त वरणाऐवजी रस्सा."

माझा घास घशातच अडकला. "आजी, धुकं काही तुझ्यामुळे नव्हतं गं."

"माहीत आहे. खा, गार होतंय," म्हणत तिने आपल्या वाडग्यातला मोठा तुकडा माझ्या वाडग्यात टाकला.

कांचनजंगा शेवटपर्यंत दिसलं नाही. पण घरी चकोल्या झाल्या, की मला हटकून घूम आठवतं.