शेंगाचटणी लावलेला घास

घरातल्या कुत्र्या-मांजराची तब्येत बहुतेक वेळा मालकाच्या रोजच्या वागण्यावर ठरते. तो कुत्र्याला केव्हा फिरायला नेतो, ताटातले काय टाकतो, पाण्याचे भांडे कधी घासतो, जनावर मलूल दिसले की कपाटातली कोणती गोळी काढतो. सोलापुरात या सवयींना उन्हाची, भाकरीची आणि काही दिवसांआड येणाऱ्या नळाची जोड असते. होणाऱ्या चुकांमागे दुष्टावा क्वचितच असतो. ज्याला जीव लावला त्याचे शरीरही माणसासारखेच चालते, असे घर धरून चालते आणि तिथेच घात होतो.

उन्हापासून सुरुवात करावी लागते. एप्रिल-मे महिन्यांत 42-43 अंशांच्या दुपारी इथे नवलाच्या नसतात. कुत्र्याला घाम येतो तो पंजांच्या गाद्यांना, तोही जेमतेम. अंगातली उष्णता बाहेर टाकायची ती धापा टाकूनच. त्याच्या शरीराचे तापमान एरवी 38 ते 39 अंशांच्या आसपास असते. ते 41च्या वर गेले की आतडी, मूत्रपिंडे आणि मेंदू यांना इजा होऊ लागते. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना धापही पुरती टाकता येत नाही. चहा-पेपर आटोपून नऊ वाजता निघालेली फेरी म्हणूनच उशिराची. संध्याकाळीही सूर्य बुडाला तरी डांबर बराच वेळ धगधगत राहते. उलटा हात रस्त्यावर पाच-सात सेकंद टेकवून सोसला, तरच कुत्र्याला त्यावर चालवावे. ऊन लागून कोसळलेल्या कुत्र्यावर ओला टॉवेल पांघरला जातो. टॉवेलांच्या या गावात हात आधी तिकडेच जाणार, पण टॉवेल लगेच अंगाच्या उष्णतेने तापतो आणि ती आत कोंडतो. सावलीत नेऊन गार पाणी ओतत राहावे, वारा घालावा आणि वेळ न दवडता डॉक्टर गाठावा.

पाणी जपून वापरण्याची शहराला सवय आहे, त्यामुळे भांडे न घासता वरूनच भरले जाते. आतला बुळबुळीत थर म्हणजे जंतूंची वस्ती. मांजराचे पूर्वज कोरड्या प्रदेशातले, त्याला तहानेची जाणीवच कमी. बुळबुळीत भांड्याकडे ते पाठ फिरवते. त्यात नुसत्या कोरड्या खाद्यावर वाढलेल्या बोक्याची लघवी तुंबली, तर दोन-तीन दिवसांत जीव जाऊ शकतो. वारंवार मातीत बसणारा, कण्हणारा बोका बद्धकोष्ठाने हैराण आहे, असे समजून घरगुती उपाय करत बसू नये.

खाण्याचा विषय सगळ्यांत नाजूक, कारण तिथे माया सर्वाधिक. भाकरीचा तुकडा शेंगाचटणीला लावून दारातल्या कुत्र्यापुढे टाकणे ही सोलापूरची साधी, सहज कृती. शेंगदाण्याने बिघडत नाही. चटणीतला लसूण घातक. कांदा-लसणातले गंधकयुक्त घटक तांबड्या रक्तपेशी फोडतात, आणि शिजवून वा वाळवून ते नाहीसे होत नाहीत. एका घासाने मोठ्या कुत्र्याला काही होणार नाही, पण रोजचा घास साठत जातो. हिरड्या फिकट पडणे, लघवी लालसर-तपकिरी होणे ही लक्षणे काही दिवसांनी दिसतात, म्हणून चटणीवर कुणाचा संशयही जात नाही. मांजराला हे विष कुत्र्यापेक्षाही लवकर बाधते. जिल्ह्यात द्राक्षबागा आणि बेदाण्याची शेड जागोजागी आहेत. मूठभर बेदाणेही कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी करू शकतात. त्यामागे टार्टारिक आम्ल असावे, असे 2021 पासून पशुवैद्यक मानू लागले, आणि चिंचेतही तेच आम्ल असते.

शाकाहारी घरातल्या मांजराचा प्रश्न वेगळा. दूधभातावर पोट भरलेले दिसते, पण टॉरिन हे गरजेचे पोषकद्रव्य पुरेसे मिळत नाही. ते मुख्यतः मांस-मासळीत असते आणि मांजराचे शरीर ते पुरेसे बनवत नाही. ते कमी पडले की डोळ्यांचा पडदा झिजतो, हृदय सैल पडून फुगते. हृदयाचा हा संबंध 1987 मध्ये कॅलिफोर्नियातल्या पशुवैद्यकांनी दाखवून दिला. घरात मांस शिजणार नसेल, तर टॉरिन घातलेले मांजराचे तयार खाद्य आणावे. त्यात घराच्या आचाराला बाध आणणारे शिजवणे नाही. याउलट धनगरवाड्यांवरचा कारवानी कुत्रा मुळातच सडपातळ. त्याच्या फासळ्या दिसतात म्हणून त्याला चारून गोल करणे म्हणजे धावायला घडलेल्या सांध्यांवर ओझे लादणे.

माणसाची तापाची गोळी मांजराला कधीच देऊ नये. पॅरासिटामॉल पचवण्याची यंत्रणा त्याच्या यकृतात जवळजवळ नसते. 500 मिलिग्रॅमची एक गोळी जीव घेते. तोंड सुजून हिरड्या तपकिरी दिसू लागल्या, तर तासही मोलाचा.

गोचिडांचा उपद्रव उन्हाळ्यात वाढतो आणि त्यांच्यासोबत एर्लिकिया, बॅबेसिया हे रक्ताचे आजार येतात. बोटांनी गोचीड ओढून चिरडण्याची सवय सोडावी. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ उपटावा. कुत्र्यावरचा तपकिरी गोचीड अंडी घालायला खाली उतरतो, भिंतीच्या भेगांत, दगडी जोत्याच्या सांध्यांत. मादी एका वेळी हजारो अंडी घालते, म्हणून कुत्र्याला औषध लावले त्याच दिवसापासून त्या भेगांतही फवारणी करावी. मात्र पर्मेथ्रिन असलेले कुत्र्याचे औषध त्याच घरातल्या मांजराला लावू नये, आणि ते अंगावर वाळेपर्यंत दोघांना एकत्र झोपू देऊ नये.