गोरोबाकाकांची थापटणी

वाचक माउली, पन्नास वर्षे मी नारदांच्या गादीवर उभा राहिलो. आळंदीला जोग महाराजांच्या संस्थेत जी चार अक्षरे शिकलो, ती जुन्नर-आंबेगावच्या गावोगावी वाटली. देह नाशिवंत आहे, हे किती वेळा सांगितले याची गणती नाही. पण त्याच देहाच्या एका भागाविषयी मी कधी अवाक्षर काढले नाही. तिथे लाज आडवी आली. त्या लाजेची किंमत दुसऱ्याने मोजली. चार वर्षांपूर्वी गळ्याने साथ सोडली, म्हणून ही सेवा आता लेखणीने करतो. आज प्रमाणाला अभंग घेत नाही. जे घडले तेच सांगतो.

आमचे मृदंगाचार्य आमच्या कळंबचेच. सगळे त्यांना तात्या म्हणत. तीस वर्षे ते माझ्या उजव्या हाताला उभे राहिले. मी चाल कुठे सोडणार, हे माझ्या आधी त्यांच्या बोटांना कळायचे. गळ्यात तुळशीची माळ, सुपारीच्या खांडाचेही व्यसन नाही, घोडनदीच्या काठी दोन एकर कांदा-बटाटा आणि दरसाल पायी वारी.

एका आषाढीला बरडच्या मुक्कामी, रात्री हरिपाठ झाल्यावर, ते माझ्या शेजारी येऊन बसले. बराच वेळ पखवाजाच्या वाद्या उगाच ओढत राहिले. मग खालच्या आवाजात म्हणाले, "महाराज, परसाकडंला रक्त पडतंय. दोन महिने झाले."

मी काय म्हणालो, ते ऐका. म्हणालो, "तात्या, उष्णता झाली असेल. चालणं काय थोडं आहे? मूळव्याध असेल, ताक घ्या, सब्जा घ्या." आणि विषय बदलला. कारण खरे सांगायचे तर तो विषय मलाच नको होता.

तात्यांनी ताक घेतले. परतल्यावर कुणाकडून तरी मूळव्याधीच्या पुड्या आणल्या. रक्त कधी थांबायचे, कधी दिसायचे. पुढे दम लागू लागला, सदरा ढिला झाला, पोट साफ झाल्यासारखे वाटेना. अकरा महिन्यांनी पुण्याला नेले. मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात कर्करोग होता आणि तो यकृतापर्यंत गेला होता. तात्या तेव्हा एकसष्ट वर्षांचे होते. पुढची आषाढी त्यांनी पाहिली नाही.

दहाव्याला घाटावर वहिनींनी मला बाजूला बोलावून विचारले, "महाराज, तुम्हाला तरी बोलले होते का ते?" हजारो लोकांपुढे बोलणारा मी. मान खाली घालून एवढेच म्हणालो, "बोलले होते." त्या पुढे काही म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या असत्या तर बरे झाले असते.

त्यानंतर कितीतरी दिवस मला तेरची गोष्ट आठवत राहिली. आपणा सर्वांना ती ठाऊक आहे. संतमंडळी जमली होती. मुक्ताईने गोरोबाकाकांना विचारले, यातली मडकी भाजलेली किती आणि कच्ची किती? काकांनी थापटणी घेतली आणि एकेकाच्या डोक्यावर मारून पाहिले. सगळे गप्प बसले. नामदेवराय तेवढे रागावले. कच्चे ठरले म्हणून त्यांना अपमान वाटला. पण पुढे काय झाले? ते विसोबा खेचरांकडे गेले आणि पक्के झाले. थापटणी बसली नसती तर?

ही गोष्ट मी शेकडो वेळा अहंकारावर सांगितली. आता वाटते, ती तपासणीचीही आहे. मडके कच्चे आहे हे वेळीच कळले, तर कुंभार ते पुन्हा भट्टीत घालू शकतो. पाणी भरल्यावर कळले, तर हाती चिखल राहतो.

आणि काय योग पाहा. ज्या तेरमध्ये ही थापटणी फिरली, त्याच धाराशिव जिल्ह्यातल्या खेड्यांत, तेव्हा त्याला उस्मानाबाद म्हणत, १९९९ पासून गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगासाठी बायाबापड्यांची तपासणी झाली. मुंबईचे टाटा रुग्णालय आणि भगवंताच्या बार्शीतले नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय यांनी परदेशी संस्थेच्या मदतीने ते काम केले. तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया त्यात होत्या. २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्या गटाला विषाणूची एकच तपासणी मिळाली, त्या गटात या रोगाने होणारे मृत्यू तपासणी न झालेल्या गटाच्या जवळजवळ निम्म्यावर आले होते. आपल्यासारख्याच डोक्यावर पदर घेणाऱ्या, शेतात राबणाऱ्या त्या माउल्या. लाज त्यांनाही होतीच. पण त्या आल्या. तो रोग वेगळा, आतड्याचा वेगळा. शिकवण मात्र एकच.

आता आतड्याचे, मला डॉक्टरांनी समजावले तसे सांगतो. मोठे आतडे सुमारे पाच फूट लांब. त्याच्या आतल्या अस्तरावर वयपरत्वे बारीक मोड येतात, चामखिळीसारखे. बहुतेक निरुपद्रवी असतात. एखादा बिघडतो, पण तो बिघडायला साधारण दहा वर्षे घेतो. माउली, दहा वर्षे! इतकी सवड देणारा शत्रू दुसरा कोणता? त्या काळात तो मोड काढून टाकला की रोग जन्मालाच येत नाही. रोग झाला, पण आतड्यापुरताच असताना सापडला, तर अमेरिकेतल्या नोंदींप्रमाणे दहातले नऊ जण पाच वर्षांनंतरही हयात असतात. तोच दूरच्या अवयवांत पसरल्यावर सापडला, तर दहातले एक-दोनच.

म्हणून जपानात चाळिशीपासून दरसाल शौचाची तपासणी करतात. अमेरिकेत सुरुवातीचे वय पन्नास होते, ते २०२१ साली पंचेचाळीसवर आणले. आपल्याकडे हा रोग त्यांच्या मानाने कमी आहे. सरकारी कार्यक्रमात तिशीनंतर तोंड, स्तन आणि गर्भाशयाचे मुख तपासतात. आतडे त्या यादीत नाही. म्हणजे आपली आपणच चौकशी करायची.

तात्या गेल्यावर धाकट्या सूनबाईंनी मला धरले. त्या रुग्णालयात नोकरीला आहेत. म्हणाल्या, "अण्णा, तुमचीही तपासणी करायची." मी म्हणालो, "मला काही होत नाही." त्या म्हणाल्या, "होत नाही तेव्हाच करायची असते." यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते.

पहिली तपासणी अगदी साधी. एका काडीने शौचाचा किंचित नमुना डबीत घ्यायचा. डोळ्यांना न दिसणारे रक्त त्यात कळते. माझ्या नमुन्यात ते निघाले. याचा अर्थ कर्करोग असा नव्हे, पण आत पाहायला हवे असा. मग दुर्बिणीची तपासणी. आदल्या दिवशी भरीव अन्न बंद. मी म्हटले, एकादशीची सवय आहे! सूनबाई हसल्या, साबुदाणा नाही, शेंगदाणे नाहीत, भगर नाही, आणि निर्जळी तर मुळीच नाही. औषधाची पूड पाण्यात कालवून लोटेच्या लोटे प्यायचे आणि पोट निर्मळ करायचे. ती रात्र कठीण गेली, लपवत नाही. दुसऱ्या दिवशी गुंगीचे औषध दिले आणि जाग आली तेव्हा सारे उरकले होते. दोन मोड सापडले, तिथल्या तिथे काढले. तपासले, कर्करोग नव्हता. पुन्हा केव्हा यायचे ते लिहून दिले. नामदेवरायांसारखी थापटणी मलाही बसली, आणि मी रागावलो नाही.

कुणी म्हणेल, देह जायचाच, मग एवढा खटाटोप कशाला? मी इतकेच विचारतो, मृदंगाची शाई उडाली तर आपण म्हणतो का, हेही नाशिवंत आहे, वाजवा तसाच? नरदेह हे साधन आहे. साधनाची निगा राखणे ही आसक्ती नव्हे. दुसरे कुणी म्हणेल, आम्ही माळकरी. मांस-मद्य वर्ज्य, पायी चालणे, भाजी-भाकरी, यांनी धोका कमी होतो हे खरेच. पण कमी होणे म्हणजे नाहीसा होणे नव्हे. तात्यांहून निर्मळ माळकरी मी पाहिला नाही.

तेव्हा हात जोडून सांगतो. शौचातून रक्त पडत असेल, शौचाची नेहमीची सवय बदलून दोन-तीन आठवडे झाले असतील, पोट साफ झाल्यासारखे वाटत नसेल, वजन उगाच उतरत असेल, उतारवयात रक्त कमी झाले असेल, तर मूळव्याध म्हणून घरी बसू नका. मूळव्याध असेलही, पण ते डॉक्टरांनी तपासून म्हणावे. आपण नाही, आणि आपल्या महाराजांनी तर नाहीच. यातले काही नसले तरी पंचेचाळिशी उलटल्यावर डॉक्टरांना एकदा विचारा, माझी तपासणी करावी का. नमुना चांगला निघाला तरी एकदाच करून भागत नाही, दरसाल करावा लागतो. आणि रोग निघालाच, तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार आहेत. योजनेतल्या रुग्णालयात शिधापत्रिका घेऊन आरोग्यमित्राला भेटा.

दिंडीच्या विणेकऱ्यांना आणि चोपदारांना वेगळे सांगणे आहे. पहाटेच्या अंधारात शेतात बसणाऱ्याला रक्त दिसत नाही, आणि दिसले तर तो सांगत नाही. सप्ताहात आपण डोळ्यांचे, साखरेचे शिबिर ठेवतो. त्यात हाही प्रश्न विचारला जाऊ द्या. आणि कुणी पखवाजाच्या वाद्या उगाच ओढत जवळ येऊन बसला, तर विषय बदलू नका.

आईबाप, भाऊबहीण यांच्यात हा रोग झाला असेल, तर चाळिशीलाच तपासणी करावी, किंवा त्यांना ज्या वयात निघाला त्याच्या दहा वर्षे आधी. यातले जे आधी येईल ते. तात्यांच्या थोरल्या मुलाला यंदा चाळीस पूर्ण झाली. वडिलांचा पखवाज आता त्याच्या गळ्यात असतो. चैत्रातल्या सप्ताहात काल्याच्या दिवशी मी त्याला म्हणालो, "तुझ्या बापाला मी ताक प्यायला सांगितलं होतं. तुला सांगतो, माझ्याबरोबर पुण्याला चल." तो काही बोलला नाही. चार दिवसांनी स्वतःच फोन करून विचारले, "महाराज, कधी जायचं?"

आम्ही जाऊन आलो. त्याच्या आतड्यात काही निघाले नाही. घरी आलो तेव्हा वहिनी दारातच उभ्या होत्या. त्यांनी आधी मुलाच्या पायांवर पाणी घातले, मग माझ्या.

राम कृष्ण हरि.