परसातली आगटी

तिगाव, जि. पांढुर्णा

चि. बाईस,

घरामागं विटांची आगटी बांधायची म्हणतेस, आणि इथले नियम विचारतेस. जरूर बांध. आपल्याकडं हिवाळ्यात दारोदारी आगटी पेटते, शेकण्यापुरत्या लाकडाला कुणी हरकत घेत नाही. प्रश्न येतो तो तिच्यात काय टाकतो याचा.

राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानं 22 डिसेंबर 2016 च्या आदेशानं उघड्यावर कचरा जाळायला देशभर मनाई केली. साध्या जाळण्याला 5,000 रुपये आणि मोठ्या ढिगाला 25,000 रुपये भरपाई ठरवली. म्हणजे आगटीत पन्नी, रबर, फाटकं मल्चिंग, ठिबकच्या नळ्या पडल्या की ती शेकोटी राहत नाही, कचरा जाळणं होतं. पीव्हीसी पाइपात क्लोरीन असतं. तो अर्धवट जळला की डायॉक्सिनसारखी विषं तयार होतात. ती धुरातून आणि राखेतून पसरतात, आणि आपण तर राख वांग्याच्या वाफ्यात टाकतो.

शेताचा नियम वेगळा. पिकाचे अवशेष, सरकारी कागदातली नरवाई, जाळायला मध्य प्रदेशात वायुप्रदूषणाच्या कायद्याखाली बंदी आहे. दोन एकरांच्या आत 2,500, दोन ते पाच एकरांना 5,000 आणि त्यावर 15,000 रुपये, असा दर वेळचा दंड. 2025 मध्ये राज्य सरकारनं त्यावर आणखी जाहीर केलं, की नरवाई जाळणाऱ्याला मुख्यमंत्री किसान कल्याण योजनेचा लाभ मिळणार नाही आणि त्याचा माल हमीभावानं घेतला जाणार नाही. तेव्हा धुऱ्यावरच्या पराट्यांचा, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडांचा, ढीग पेटवून ‘आगटीच होती’ म्हणण्यात अर्थ नाही.

तरी शेतकऱ्याची अडचण मला खरी वाटते. पराट्या रचून ठेवल्या तर उरल्यासुरल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी पुढच्या हंगामापर्यंत तग धरते. उपटायला मजूर मिळत नाही, रब्बीची घाई असते, आणि काडी सगळ्यात स्वस्त पडते. पण पराटी बारीक करून जमिनीत मिसळली तर खत होतं. तिच्यापासून पार्टिकल बोर्ड आणि इंधनाच्या कांड्या करण्याचं तंत्र कापसावर काम करणाऱ्या केंद्रीय संस्थेनं, सिरकॉटनं, विकसित केलं आहे, आणि तिचं जिनिंग प्रशिक्षण केंद्र नागपूरलाच आहे. नुसत्या दंडानं पराटी जळायची थांबणार नाही. तिचे तुकडे करणारं यंत्र गावात वेळेवर आणि परवडेल अशा भाड्यानं मिळालं पाहिजे.

आता तुझ्या आगटीचं. कोठा, कुटाराचा ढीग आणि विजेच्या तारा यांच्यापासून ती लांब असू दे. वारा कुठून येतो ते पाहून जागा धर. लाकूड वाळलेलंच वापर. ओलं जळतं कमी, धुपतं जास्त. संत्र्याच्या बागेतलं वाळलेलं सल शेकायला उत्तम. पाण्याची बादली जवळ ठेव, आणि उठताना निखारे पूर्ण विझव. निष्काळजीपणानं आग हाताळून माणसाचा जीव धोक्यात घातला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 287 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. निखाऱ्यांची घमेली मात्र कधीही बंद खोलीत नेऊ नकोस. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. झोपलेला माणूस उठतच नाही.

आणि शेजाऱ्याला आधी विचार. आपली हद्द भिंतीपाशी संपते, धूर तिथं थांबत नाही. पलीकडं दम्याचं म्हातारं माणूस किंवा बाळंतीण असेल तर त्या दिवसांत आगटी बंद ठेवायची. हे कुठल्या अधिसूचनेत लिहिलेलं नाही, पण मला सगळ्या नियमांत हाच पहिला वाटतो.

26 जानेवारीच्या ग्रामसभेत पराटीच्या यंत्राची मागणी मांडायची आहे. तुझं हिंदी लिखाण चांगलं आहे, अर्ज तूच लिहून पाठव. सह्या मी गोळा करतो.

तुझा,
मामा