अक्षरांपाशी अडखळणारी लेकरे

वऱ्हाडात एखादे लेकरू शाळेत मागे पडले की कारण शोधण्याची गरज सहसा कोणाला भासत नाही. ‘पोट्टं ढ आहे’ असा निकाल गुरुजी देतात. ‘खेळात जीव, अभ्यासात नाही’ अशी तक्रार आई करते. आणि चार चापट्या व एक शिकवणी एवढ्यावर उपचार संपतो. अमरावती व अकोला जिल्ह्यांतील धर्मग्रामांत सेवा करताना सायंकाळच्या अभ्यासिकेत मुलांचे वाचन ऐकत बसण्याचा आम्हांला छंद जडला. त्यातून एक गोष्ट मनावर ठसली, ती वाचकांपुढे मांडावीशी वाटते. न वाचणाऱ्या मुलाला दोष देण्यापूर्वी त्याचे अडखळणे नीट ऐकले पाहिजे. कारण सर्वांचे अडखळणे एकसारखे नसते.

आमच्याकडे घरोघरी ‘डोळा’चा ‘डोया’ आणि ‘काळा’चा ‘काया’ होतो. पहिलीतले मूल लिहितेही तसेच. हा त्याचा दोष नव्हे, ती त्याची मायबोली आहे. पुस्तकी मराठी कानांवरून गेली की ते सावरते. मेळघाटात धारणी-चिखलदऱ्याकडील कोरकू मुलांची गोष्ट आणखी वेगळी. त्यांची भाषा मुंडा कुळातली. मराठीशी तिचे नाते नाही. त्यांना अक्षरांआधी भाषाच शिकवावी लागते. परंतु याहून निराळे असे एक तिसरे मूल असते, आणि या दोघांच्या गर्दीत ते हरवून जाते.

धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्हांला असा एक मुलगा भेटला. उधळ्या पुत्राचा दाखला एकदा ऐकला की तो पदरची चार वाक्ये घालून रंगवून सांगे. सायकल असो की मोटारपंप, उघडून पुन्हा जोडी. मात्र पुस्तक हाती दिले की त्याच्या कपाळावर घाम येई. ‘भ’ आणि ‘म’, ‘घ’ आणि ‘ध’ यांत त्याची फसगत होई. पहिल्या ओळीत बरोबर वाचलेला शब्द तिसऱ्या ओळीत अनोळखी होई. आठवीत गेला तरी हे सुटले नव्हते.

यालाच डिस्लेक्सिया म्हणतात. दोष डोळ्यांत नसतो, बुद्धीतही नसतो. ध्वनी आणि अक्षर यांची सांगड घालणे मेंदूला जड जाते. ही अडचण बहुधा जन्मजात असते आणि पुष्कळदा एकाच घरात अनेकांना आढळते. प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टरांनी १८९६ मध्ये १४ वर्षांच्या अशाच एका मुलाची हकिकत प्रसिद्ध केली. सारे शिक्षण तोंडी असते तर हा शाळेत सर्वांत हुशार ठरला असता, असे त्याच्या शिक्षकांचे मत होते. आपली देवनागरी उच्चारानुसारी म्हणून सोपी खरी, पण तिच्यातही खाचखळगे आहेत. ‘कि’मधील वेलांटी आधी दिसते, तिचा उच्चार मात्र मागून येतो, ‘सूर्य’मधला ‘र’ आधी बोलायचा आणि पुढच्या अक्षराच्या डोक्यावर लिहायचा!

महाराष्ट्रात या मुलांकरिता काहीच झाले नाही असे नाही. दहावीच्या परीक्षेत त्यांना सवलती देण्याचा निर्णय राज्याने १९९६ मध्येच घेतला. त्याच वर्षी मुंबईत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन स्थापन झाली. २००७ च्या ‘तारे जमीन पर’ या चित्रपटाने हा विषय घरोघरी पोहोचविला. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ मध्ये पुढे आणलेल्या ‘डाली’ चाचण्यांत मराठीचाही समावेश आहे, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने या अक्षमतेला मान्यता दिली. वाढीव वेळ मिळतो, लेखनिक मिळतो. परंतु त्यासाठी प्रमाणपत्र लागते, आणि मजुरी बुडवून इस्पितळाच्या फेऱ्या माराव्या लागतात.

त्याहून मोठा अडसर मनात असतो. त्या मुलाचे वडील आम्हांला म्हणाले, ‘‘फादर, कागद आनला त लोक पोट्ट्याले येडा म्हनतीन.’’

आम्ही विचारले, ‘‘भाऊ, चष्मा लावणाऱ्याला गावात कोणी आंधळा म्हणते का?’’

ते बराच वेळ गप्प राहिले. मग खाली पाहत म्हणाले, ‘‘मलेबी वाचनं जमलं नाई. मारापायी शाया सोडली.’’

पुढच्याच महिन्यात ते मुलाला घेऊन तपासणीला गेले. मुलगा लेखनिकाच्या साहाय्याने दहावी उत्तीर्ण झाला व आज आयटीआयमध्ये शिकतो आहे. आजही तो सावकाशच वाचतो; पण वाचतो.

यावर औषध नाही, अभ्यास आहे. आपल्या पूर्वजांची धूळपाटी येथे फार उपयोगी पडते. ताटात बारीक रेती पसरावी, अक्षर बोटाने गिरवावे आणि गिरवतानाच मोठ्याने उच्चारावे. डोळा, कान आणि हात एकत्र शिकतात. एका वेळी दोन-तीनच अक्षरे घ्यावीत, पण रोज घ्यावीत. पुढच्या ओळी पुठ्ठ्याने झाकाव्यात. भर वर्गात अवचित वाचायला उभे करू नये. द्यायचाच असेल तर उतारा आदल्या दिवशी द्यावा. इतिहास येतो की नाही हे तोंडी विचारावे. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांपायी त्याचे ज्ञान शून्य ठरवू नये.

ज्यांचे नाव अमरावतीच्या विद्यापीठाला दिले आहे, ते संत गाडगेबाबा निरक्षर होते. तरीही साऱ्या महाराष्ट्राने त्यांना गुरू मानले. घरात भांडी नसली तरी चालेल, पण मुलांना शिकवा, असे ते कळवळून सांगत. त्यांच्या बालपणी गरिबाच्या लेकराला शाळेचे दार बंद होते. आज दार उघडे आहे, लेकरू आत बाकावर बसले आहे, आणि तरीही ते बाहेरच राहते. त्याला खऱ्या अर्थाने आत घेणे हे शिक्षकांचे, पालकांचे आणि आम्हां धर्मसेवकांचे काम आहे.