काठी बोटावर तोलताना

क्रॅपीचे ओठ इतके पातळ की अमेरिकेत तिला 'पेपरमाउथ'च म्हणतात. जोरात हिसका दिला की ओठ फाटतो. शिवाय ती बरेचदा गळ वर उचलते. ओढ लागत नाही, उलट तंगूस ढिला पडतो.

मिसिसिपीतल्या ग्रेनाडा तलावावर जायचं ठरलं, तेव्हा बाबांचं मनगट नुकतंच प्लास्टरमधून सुटलं होतं. दुकानात मी काठ्या रीळ लावूनच तोलल्या, रिळाच्या जरा पुढे, एका बोटावर. टोक झुकलं तर दिवसभर ते वजन मनगटावर, आणि थकलेल्या हाताला बारीक टिचकी कळत नाही. सगळे सांगतात, रीळ हलक्यात हलकं घ्या. मला अर्धंच पटतं. 10 फुटी काठीला थोडं जड रीळच बरं. आम्ही 8 फुटी घेतली. बाबांनी डोळे मिटून धरली. "हं, ही चालेल."