नॉटिंगहॅमच्या बोळातले एलियन्स

नॉटिंगहॅम म्हटलं की आठवतो रॉबिन हूड. क्रिकेटवेड्यांना ट्रेंट ब्रिज. पण बोर्ड गेमचा किडा चावलेल्यांसाठी हे गाव म्हणजे पंढरी आहे, बॉस! वॉरहॅमरवाल्या ‘गेम्स वर्कशॉप’चं मुख्यालय इथलंच.

स्टेशनवरून कालव्याच्या काठाने पश्चिमेला चालत सुटलं की अर्ध्या-पाऊण तासात लेंटन येतं. आजोबांच्या पिढीची लाडकी रॅले सायकल याच भागात बनायची. तो कारखाना 2002 मध्ये बंद पडला. प्लास्टिकचे बोटभर सैनिक मात्र आजही या गावात तयार होतात आणि त्यांच्यासाठी ‘वॉरहॅमर वर्ल्ड’मध्ये जगभरातून लोक येतात. बाहेर भलाथोरला स्पेस मरीन, आत तिकीट काढून बघायचं प्रदर्शन, दुकान आणि ‘बगमन्स’ नावाचा झकास बार.

मला हवा होता ‘स्पेस हल्क’. दुकानात सगळं होतं, नेमका तोच नव्हता. रिचर्ड हॅलिवेलने डिझाइन केलेला हा दोघांचा खेळ 1989 मध्ये आला. मग 1996, 2009 आणि 2014 मध्ये नव्या आवृत्त्या. दर वेळी आला, संपला, गायब!

नशीब, ट्रॅमने थोडं पुढे बीस्टनला माझा कॉलेजचा मित्र राहायचा. त्याच्याकडे 2009चा बॉक्स होता. दर शनिवारी आमची मैफल त्याच्या डायनिंग टेबलावर.

खेळाचा फंडा साधा. अंतराळात भरकटलेल्या जहाजांचा एकमेकांत अडकलेला सांगाडा, त्यातले पुठ्ठ्याचे अरुंद बोळ. एकाकडे जड चिलखतातले मोजके मरीन, दुसऱ्याकडे जीनस्टीलर नावाचे एलियन. मरीनला एका खेळीत चार ॲक्शन पॉइंट, एलियनला सहा. बोळ एकाच चौकोनाचा, त्यामुळे पुढचा अडला की मागचे सगळे लटकले. एलियन सुरुवातीला रडारवरचे ठिपके म्हणून येतात. एका ठिपक्यामागे किती आहेत, ते उलटेपर्यंत कळत नाही. त्यात ओव्हरवॉचवर गोळी झाडताना दोन्ही फाशांवर सारखाच आकडा पडला की बंदूक जॅम!

पण खरी गंमत वाळूच्या घड्याळाची. ते फक्त मरीनवाल्यासाठी. एलियनवाला निवांत चहा पीत विचार करू शकतो. माणसाला मात्र वेळ नाही. ऑफिसच्या डेडलाइनवर जगणाऱ्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

मित्र कायम एलियन. मी विचारात पडले की तो काही बोलायचा नाही, नुसता वाळूकडे बघायचा. दिवसभर मीटिंगमध्ये बडबडणारे आम्ही दोघं तिथे तासभर गप्प असायचो, आणि त्या गप्प बसण्यातच एकमेकांची आठवड्याची खबर कळायची.

मग त्याची बदली टोरांटोला झाली. बॅगेत जागा नव्हती. बॉक्स माझ्याकडे आला, माझ्याबरोबर पुण्यालाही आला. जुन्या प्रतींना भाव चांगला मिळतो, लोक विचारतातही. मी विकत नाही. अजून उघडलेलाही नाही, कारण समोर कोण बसणार?

तुम्ही नॉटिंगहॅमला गेलात तर लेंटनला अख्खी दुपार द्या. कालव्याकाठून चालत जा, पायात चांगले बूट हवेत. खिसा जरा सांभाळा. आणि जमलं तर समोर बसणारा माणूस बरोबर घेऊन जा. तो दुकानात मिळत नाही.